ओदाइको मैदानात वाजला तो दिवस

टेम्पो गावाच्या वेशीपाशी आला तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाटा मांडलेल्या होत्या.

खाटांवर गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या. शेजारी तीन दगडांच्या चुली, कळश्या, पिठाचे डबे. लिंबाच्या फांदीला एक झोळी टांगलेली. घरांची दारं सताड उघडी होती आणि आत कुणी दिसत नव्हतं. माघ महिना होता. आमच्या त्या भागात माघात पहाटे पाण्याला हात लावला तर बोटं बधिर होतात. उघड्यावर कुणी हौसेनं झोपत नाही.

नागाकुरा सेन्सेई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी जपानीत विचारलं, "आज इथे काही सण आहे का?"

"हो," मी म्हणाले. "जत्रा आहे गावाची."

जत्रा नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सेन्सेई, म्हणजे आमच्या गुरू, मूळच्या जपानच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आल्या, नवरा गेल्यावर परतल्या नाहीत. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. जपानी ढोल, म्हणजे ताइको, इथल्या लोकांनी ऐकावा, हातात घ्यावा, वाजवावा, एवढी एकच धडपड त्या करत होत्या. शाळांची स्नेहसंमेलनं, कंपन्यांचे वर्धापनदिन, कुठलाही महोत्सव. बोलावणं आलं की आम्ही जायचो. कार्यक्रम झाला की लोकांना बसवून शिकवायचो. बहुतेक ठिकाणी कुणीतरी आजोबा म्हणायचेच, "आमच्या ढोल-ताशापुढं हे काय!" आणि दहा मिनिटांनी तेच काठ्या मागायला यायचे. वाजवणारे आम्ही सात-आठ जण होतो, पण लांबच्या दौऱ्याला येणारे दोघंच. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले लिमये काका, ते टेम्पोही चालवायचे. आणि मी, सुलक्षणा बिराजदार. मी ढोल वाजवायची आणि दुभाषीही मीच. सेन्सेईंना सहा वर्षांत मराठी आली नव्हती. गरजच पडली नव्हती, मी होते ना.

मी मूळची सोलापूरकडची, असं दोघांनाही सांगून ठेवलं होतं. ते खोटं होतं. त्या वेशीपासून माझं गाव पंचवीस किलोमीटरवर होतं. म्हणजे, होतं.

तांबरवाडीची कन्याशाळा गावापासून अर्ध्या मैलावर माळावर होती. मुख्याध्यापिका हत्तरगे बाई फाटकापाशी वाट बघत उभ्या होत्या. ठेंगणी, करड्या केसांची, आवाजात जरब असलेली बाई. लिमये काका टेम्पो सावलीत लावत होते; बाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बसवलं, चहा मागवला आणि सेन्सेईंकडे बघून हात जोडले.

"या आल्या हेच फार झालं," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पेपरात वाचून तुम्ही लोक येणार नाही."

"पेपरात काय?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला ठाऊक नाही? आमच्याकडं जमिनीतून आवाज यायलेत. पंधरा दिवस झाले. अकरा वेळा झालाय आत्तापर्यंत."

मी कप खाली ठेवला.

"जिल्ह्याची माणसं येऊन गेली," त्या सांगत होत्या. "यंत्र बसवलंय पंचायतीत. म्हणतात, भूकंप नाही. पाणी खाली गेलंय, पोकळीतली हवा सरकते, त्याचा आवाज. असेल. पण ज्यांनी त्र्याण्णव साल बघितलंय त्यांना काय सांगायचं? गावचं गाव बाहेर झोपतंय. माझ्या पोरी तर वर्गात ताट पडलं तरी उठून पळतात. परवा एकीचा दात पडला फाटकावर आपटून. म्हणून म्हटलं, तुमचा कार्यक्रम रद्द करायचा नाही. उलट होऊच द्यायचा. मोठा आवाज कुठनं येतो ते समोर दिसू दे त्यांना, हातानं काढू दे."

"काय म्हणतायत?" सेन्सेईंनी विचारलं.

"पाऊस कमी झालाय म्हणतायत," मी म्हणाले. "पिकांचं अवघड आहे."

कार्यक्रम हॉलमध्ये ठेवला होता. हत्तरगे बाई आम्हाला तो दाखवायला घेऊन गेल्या. भूकंपानंतर बांधलेला. सिमेंटचे खांब, भिंती बांधून धरणारे पट्टे, वर स्लॅब. "अख्ख्या पंचक्रोशीत याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. दोनशे मुली बसतील एवढ्या सतरंज्या अंथरल्या होत्या. फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम लिहिलं होतं.

सेन्सेई आत गेल्या. त्यांनी टाळी वाजवून आवाज कसा घुमतो ते बघितलं. लिमये काका आत गेले. मी उंबरठ्यावर थांबले. दाराच्या वर, कोपऱ्यापासून निघून स्लॅबकडे गेलेली एक बारीक रेघ होती गिलाव्याला. केसाएवढी. कुठल्याही भिंतीला असते तशी. मला तिच्यावरून नजर हलवता येईना. आत पाऊल टाकायचं म्हटलं तर पाय उचलेना.

"छान आहे," सेन्सेई आतून म्हणाल्या. "ओदाइको तिकडे भिंतीपाशी लावू."

ओदाइको म्हणजे आमचा सगळ्यात मोठा ढोल. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं त्याचं तोंड. तो वाजला की आवाज कानात नंतर येतो, आधी बरगड्यांत येतो.

मी हत्तरगे बाईंकडे वळले. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं, पण निघालं अगदी सरळ, दुभाष्याच्या आवाजात. "सेन्सेई म्हणतात, ओदाइको छताखाली वाजवत नाहीत. त्यांच्याकडे तसा रिवाज आहे. मैदानात घ्यावा लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. "मैदानात? मी मुद्दाम इथं ठेवला होता. दारं-खिडक्या लावल्या की आवाज गावात जात नाही. गावाला सांगितलं नाही मी काही."

"गाव लांब आहे की."

"वारा गावाकडंच आहे." त्यांनी दारातून माळाकडे बघितलं. "रिवाजच असेल तर काय बोलणार. पण मग मी शिपायाला सायकलवर पाठवते, घरोघर सांगून येऊ दे. तो आल्याशिवाय मोठा ढोल वाजवू नका."

मी मान डोलावली. आणि सेन्सेईंना सांगितलं, "बाईंची इच्छा आहे, कार्यक्रम मैदानात व्हावा. मुलींना मोकळं वाटेल."

सेन्सेईंनी भुवया वर केल्या. उन्हानं कातडं ताणलं जातं, सूर बिघडतो, हे मला माहीत होतं. "यजमानांची इच्छा," त्या म्हणाल्या आणि बाह्या दुमडायला लागल्या.

शिपायाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आम्ही टायरपासून सुरुवात केली. शिकवायला इतके ढोल कुठून आणायचे? म्हणून सेन्सेईंनी युक्ती काढली होती: ट्रकचे जुने टायर, दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी घट्ट ताणून बसवायची. छान वाजतात. दहा टायर मैदानात मांडले आणि मुलींना दहा-दहा करून बोलावलं. पहिल्या दहा जणींनी साप मारायला धरतात तशा काठ्या धरल्या होत्या. सेन्सेईंनी पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहून दाखवलं. मी सांगत गेले, "हात वर. पार वर. आता सोडून द्या."

धप्प असा आवाज झाला आणि अर्ध्या मुली मागे सरल्या. मग एकमेकींकडे बघून हसल्या. तिसऱ्या फेरीला त्या ओरडायला लागल्या, आमच्यासारख्या, "सो-रे!" हत्तरगे बाई बाजूला खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. वर आकाश होतं. पडायला डोक्यावर काही नव्हतं.

पाऊण तास झाला. शिपाई परत आला नव्हता.

सेन्सेईंनी डोक्याला पट्टी बांधली आणि ओदाइकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे करून. हत्तरगे बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी थांबवायला हवं होतं. एक वाक्य लागलं असतं. सेन्सेई, थोडं थांबा. त्यांनी विचारलं असतं, का? मी बाईंना हातानं खूण केली, बसा, सगळं ठीक आहे.

पहिला ठोका पडला.

मुली एकदम ताठ झाल्या. पुढच्या रांगेतल्या एकीनं शेजारणीचा दंड धरला. पण ढोल समोर होता, त्यावर पडणारे हात दिसत होते, म्हणून त्या बसून राहिल्या. ठोके हळूहळू जवळजवळ येऊ लागले आणि मग सलग, वळीव येताना लांबून गडगडावं तसा एकच आवाज सुरू झाला. मी आणि लिमये काका छोट्या ढोलांवर साथ देत होतो. माळ मोकळा होता. वारा पाठीमागून होता.

गावाकडून आलेला आवाज मला आधी ढोलाचाच वाटला. मग तो माणसांचा आहे हे कळलं.

माळावरून लोक धावत येत होते. बायका, काखेत लेकरं. एक म्हातारा धोतर एका हातानं धरून. धुळीतून ते येतच राहिले, आणि सगळे शाळेच्या फाटकाकडे. फाटक बंद होतं, त्यातली एकच लहान दिंडी उघडी होती. पहिला माणूस तिच्यात अडकला, मागचे त्याच्यावर. "पोरी कुठंयत? माझी पोरगी कुठंय?" फाटकाचे गज हलत होते. मुलींनी ते बघितलं आणि दोनशे मुली एकदम उठल्या.

"बसा!" हत्तरगे बाई ओरडल्या. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. "जिथं आहात तिथं बसा! भूकंप नाही! ढोल आहे, ढोल!"

लिमये काका धावत गेले आणि त्यांनी मोठ्या फाटकाची कडी काढली. लोक आत लोटले. सेन्सेईंचे हात थांबले होते. त्या वळून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही न समजलेल्या माणसाचा भाव होता.

दम खात लोक आपापल्या मुलींना चाचपत होते. काही बायका रडत होत्या, काही मुलींनाच मारत होत्या. मग सगळ्यांची तोंडं ढोलाकडे वळली. पंचायतीतला कुणीतरी वयस्कर माणूस पुढे आला. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"बाई," तो हत्तरगे बाईंना म्हणाला, "हे बाहिर वाजवायला कुणी सांगितलं? गावात वाण्याच्या दुकानापाशी तुमचा शिपाई सांगलालता, ढोल वाजणार हाय म्हनून. निम्म्या गावात बी पोचला नव्हता तो."

"मी आतच ठेवला होता," बाई म्हणाल्या. "यांच्याकडं छताखाली वाजवत नाहीत. या बाईच तसं म्हणाल्या."

सेन्सेईंना आपल्याकडे बोट केलेलं दिसलं. "बिराजदार-सान, काय म्हणतायत त्या? काय झालंय?"

मी हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

"त्यांना सांग, मला माफ करा. पण मैदानात वाजवा असं त्यांनीच सांगितलं होतं ना?"

हे सांगायला हवं होतं. माझं कामच ते होतं. हत्तरगे बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सेन्सेई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मग त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, पण दोघींना एकाच वेळी कळलं. ते मला दिसलं.

"मी," मी म्हणाले. "मी सांगितलं. त्यांचा रिवाज नाही तसला काही. मला त्या हॉलमध्ये जाता येईना म्हणून मी सांगितलं. मी चिंचाळ्याची आहे."

चिंचाळा म्हटल्यावर पुढची बाई मागे सरली. त्या भागात ते नाव सगळ्यांना माहीत होतं; त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव उरलंच नव्हतं.

आणखी काही बोलणं झालंच नाही, कारण तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. पळत नव्हता. भरभर चालत होता, दोन्ही हातांत एक तान्हं बाळ आडवं धरून, भरलेलं ताट सांडू नये तसं. बाळाचा एक हात खाली लोंबत होता.

"गाडी कुणाची हाय?" तो म्हणाला. "लेकरू हालंना."

त्याचं नाव बब्रुवान. त्याची आई नागरबाई उन्हाचं म्हणून नातवाला घेऊन घरात गेली होती. आवाज आला तशी ती बाळाला उचलून बाहेर धावली आणि पायरीवर पडली. बाळ हातातून ओट्यावर गेलं. तिला उठता येत नव्हतं.

लिमये काकांनी टेम्पो काढला. बब्रुवान आणि त्याच्यामागून आलेली त्याची बायको बाळाला घेऊन पुढे बसले. गावात जाऊन चौघांनी नागरबाईला उचलून मागे ठेवलं, ढोल गुंडाळायच्या गाद्यांवर. मी तिच्याजवळ बसले. सेन्सेईही न विचारता चढल्या. डोक्याची पट्टी सोडून त्यांनी म्हातारीच्या मानेखाली घडी करून घातली.

तालुक्याचं गाव अठरा किलोमीटर होतं. खड्डा आला की नागरबाई विव्हळायची आणि मध्येच विचारायची, "रडलं का? रडलं का ते?" मी पुढच्या फळीला कान लावून होते. इंजिनाचा आवाज येत होता. बाळाच्या आईचा आवाज येत होता, ती त्याला नावानं हाका मारत होती. दुसरा आवाज नव्हता. माझ्या मनात त्या वेळी गाव नव्हतं, भूकंप नव्हता, सेन्सेई नव्हत्या. एवढंच होतं की रड. बाबा रे, एकदा रड.

ते रडलं नाही. दवाखान्याच्या दारात उतरवताना त्याला उलटी झाली. डॉक्टर त्याला घेऊन आत गेले आणि दार लागलं.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पलीकडे भिंतीला टेकून बब्रुवान उकिडवा बसला होता. सेन्सेईंनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. जमिनीतले आवाज, खाटा, हॉल, शिपाई.

"मी जपानची आहे," त्या म्हणाल्या. "भूकंपाची भीती मला समजणार नाही असं वाटलं तुला?"

त्या माझ्याकडे वळून बसल्या.

"सहा वर्षं तू माझ्या तोंडानं बोलतेस. त्यातलं माझं किती होतं?"

"सगळं होतं. फक्त आज..."

"ते मला कसं कळणार?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आजचं सगळं पुन्हा सांग. सकाळपासून. त्या बाई काय म्हणाल्या, अगदी तसंच. आणि मी बोलले ते तू त्यांना काय सांगितलंस, तेही."

मी सांगत गेले. वाक्यामागून वाक्य. चहाबद्दलचं, पेपराबद्दलचं, दात पडलेल्या मुलीचं. मोठा आवाज कुठनं येतो ते मुलींना हातानं काढू दे, हे सांगितलं तेव्हा सेन्सेईंनी डोळे मिटले.

"त्या असं म्हणाल्या?"

"हो."

"आणि तू मला पावसाचं सांगितलंस."

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, दमलेलं. बब्रुवान उठला नाही. त्यानं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, रात्रभर नजरेखाली ठेवू, पण धोका नाही वाटत. नागरबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला लातूरला न्यावं लागणार होतं.

मी बब्रुवानपुढे जाऊन उभी राहिले. काय झालं ते त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"तुमी भ्यालाव," तो म्हणाला. "भ्यायला काय, आमी समदेच भ्यालालाव. पर आमी कुणाला खोटं सांगितलं न्हाई ताई." आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला पुण्याला निघायचं होतं. सकाळी सेन्सेई म्हणाल्या, "आधी गावात जायचं." लिमये काका आणि आम्ही दोघी घरोघर गेलो. म्हणजे खाटोखाट. सेन्सेई प्रत्येक ठिकाणी कमरेत वाकायच्या, मी सांगायची, "काल आमच्यामुळे झालं. माझ्यामुळे झालं. माफ करा." काहींनी तोंड फिरवलं. एका म्हातारीनं सेन्सेईंच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. सेन्सेईंनी विचारायला सांगितलं होतं तेही मी विचारलं, "आज तोच ढोल शाळेच्या हॉलमध्ये, दारं लावून, बरोबर अकरा वाजता वाजवला तर चालेल का? पाऊण तास. नको असेल तर आम्ही जातो." पंचायतीतला कालचा तो माणूस गुडघ्याला फडकं बांधून आला आणि म्हणाला, "पोरी सकाळपासून काठ्या घिऊन बसल्यात. वाजवा. मी स्पीकरवरनं सांगतो."

हॉलच्या दाराशी सेन्सेई माझ्याकडे वळल्या. "आजचा दिवस तू बोल. जसंच्या तसं. पुण्यात गेल्यावर मी दुसरं कुणीतरी बघेन. ढोल वाजवायला ये तू. बोलायला नको."

"हो," मी म्हणाले, आणि उंबरठा ओलांडला. धीर आला म्हणून नाही. दुभाषी आत लागत होता.

सतरंजीवर मुली खेटून बसल्या होत्या. दारं लागली. सेन्सेईंनी एकेका मुलीला ओदाइकोसमोर बोलावलं. काठी तिच्या हातात, तिचा हात सेन्सेईंच्या हातात. एक ठोका. दुसरी मुलगी. एक ठोका. त्या दात पडलेल्या मुलीनं तीन ठोके मारले आणि सगळ्या हसल्या.

साठ-सत्तर मुली झाल्या असतील. ढोलापाशी कुणी नव्हतं, पुढची मुलगी उठत होती. आणि आवाज आला.

खालून. लांब, जड, जमिनीत कुणी लोखंडी पिंप लोळवावं तसा. तळपायांत कळला. खिडकीची काच किणकिणली.

कुणी हललं नाही. सगळ्या मुली ओदाइकोकडे बघत होत्या. मग माझ्याकडे.

"हा आपला नव्हता," सेन्सेई जपानीत म्हणाल्या. "त्यांना खरं सांग. आणि सांग, चालत बाहेर जायचं. शेवटच्या आपण."

मला पळायचं होतं. दार माझ्यापासून पाच पावलांवर होतं आणि मी सगळ्यांत जवळ होते. मी दार उघडलं, आणि उघडून त्याच्या बाजूला उभी राहिले.

"हा ढोलाचा आवाज नव्हता," मी म्हणाले. "हा जमिनीतला होता. आपण बाहेर जायचंय. मागच्या रांगेनं आधी उठायचं. चालत."

त्या उठल्या. दोनशे मुली माझ्या समोरून गेल्या, बाहीला बाही घासत. काहींचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या की देवाचं नाव घेत होत्या कोण जाणे. एकही धावली नाही. सगळ्यात शेवटी हत्तरगे बाई, सेन्सेई आणि मी. मागे हॉल उभा होता, तसाच. आजही आहे म्हणतात. पाऊसकाळ झाल्यावर आवाजही थांबले.

पुण्याला जाताना मी लातूरला दवाखान्यापाशी उतरले. सेन्सेई टेम्पोतच बसून राहिल्या. म्हणाल्या, तुझं तू जा.

नागरबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. पायाला वजन बांधलेलं. नातू बरा आहे हे तिला कळलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात हलवला.

"बब्रूनं सांगितलं समदं." ती छताकडे बघत होती. "एक सांगू का तुला? आवाज आला ना, मला वाटलं, आला. आलाच शेवटी. आन् बरं वाटलं मला."

"बरं?"

"वाट बघू बघू जीव गेलता माय. अठरा-एकोनीस वर्सं. भांडं पडलं की उठून बसायचं. म्हनलं, आला एकदाचा, सुटले." ती जराशी हसली, मग पायातली कळ आली तशी थांबली. "असं बोलू न्हाई. लेकरू होतं हातात. पर वाटलं खरं."

मी तिच्या खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून उभी होते. पुण्यात पहिल्यांदा ओदाइको ऐकला तेव्हा मी सभागृहातून बाहेर जाऊन ओकले होते. पुढच्या आठवड्यात सेन्सेईंकडे जाऊन म्हणाले होते, मला शिकवा. का, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नीट सांगताही आलं नसतं.

"चिंचाळ्याची ना तू?" नागरबाईनं विचारलं. "बस की. उभी कामून?"

मी बसले.

"किती वर्साची होतीस?"

"नऊ."

"कोन कोन गेलं तुजं?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये म्हणून मी सोलापूरची झाले होते. खिडकीबाहेर लिमये काकांनी टेम्पोचा हॉर्न एकदा वाजवला आणि मग थांबले. नागरबाईनं घाई केली नाही.

"आई," मी म्हणाले. "आज्जा. चुलती, सुमित्राकाकू. आणि सोमनाथ. धाकटा. चार वर्षांचा होता. माझ्याच अंथरुणात होता."

तिनं आपला हात पट्टीवरच्या माझ्या हातावर ठेवला आणि एकेक नाव परत म्हटलं, हळू, पाठ करून ठेवावं तसं. सोमनाथ म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, "कसा होता गं दिसायला?"

आणि मी सांगायला लागले.